आधी चाल, मग बाकी सगळं

१७ नोव्हेंबर १९५९. न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’ क्लबात ऑर्नेट कोलमन नावाच्या २९ वर्षांच्या वादकाने पांढऱ्या प्लॅस्टिकचा ऑल्टो सॅक्सोफोन ओठांना लावला आणि जॅझच्या जगात उभी फूट पडली. लिओनार्ड बर्नस्टाइनसारखा संगीतकार भारावून गेला. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने मात्र या माणसाच्या मनातच काहीतरी बिघडलंय, अशा अर्थाचा शेरा मारला. दोन आठवड्यांसाठी ठरलेला कार्यक्रम कित्येक आठवडे लांबला. नाकं मुरडणाऱ्यांचा आक्षेप एकच होता : याला वाजवताच येत नाही.

येत होतं, आणि ते कष्टाने कमावलेलं होतं. ऑर्नेटचा जन्म १९३०चा, टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा. वडील लहानपणीच गेले, आई शिवणकाम करायची. सॅक्सोफोन तो बराचसा आपला आपणच शिकला आणि पोटासाठी नाचाच्या हॉलमधून ब्लूज वाजवत हिंडला. १९४९मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूजला काही जणांनी त्याला बेदम मारलं आणि त्याच्या वाद्याची मोडतोड केली. पुढे लॉस एंजेलिसमध्ये तो स्टेजवर चढला की इतर वादक खाली उतरायचे. पोटापाण्यासाठी तो एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये लिफ्ट चालवायचा आणि जमेल तेव्हा हार्मनीची पुस्तकं वाचायचा. १९५४मध्ये नवा सॅक्सोफोन घ्यायची वेळ आली तेव्हा पितळेचा परवडेना, म्हणून प्लॅस्टिकचा घेतला. त्याचा कोरडा आवाज पुढे त्याला आवडूनच गेला.

त्याने नेमकं काय केलं, हे समजायला तेव्हाचं जॅझ कसं चालायचं ते पाहावं लागेल. गाण्याखाली कॉर्ड्सची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांची, एक ठरलेली मालिका असायची आणि ती आवर्तनासारखी फिरत राहायची. सोलो वाजवणाऱ्याने कितीही भराऱ्या मारल्या तरी त्या क्षणी खाली जी कॉर्ड चालू असेल तिच्याशी त्याला मेळ राखावा लागे. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने याच चौकटीत राहून थक्क करणारी कामगिरी केली होती. ऑर्नेटने क्रमच उलटा केला. चाल मनात जिकडे वळेल तिकडे तिला जाऊ द्यायचं. बेस आणि ड्रम्स तिचं ऐकत मागून येतील. कॉर्ड धरून ठेवणारा पियानो त्याने आपल्या चौकडीतून काढूनच टाकला.

राग ऐकत वाढलेल्या कानाला यात बिचकण्यासारखं फार नाही. आपल्याकडे स्वरालापाला कॉर्डचा पहारा नसतोच. स्वर किंचित चढा किंवा उतरा लावून त्यातून भाव काढणं हेही आपल्याला परकं नाही, आणि ऑर्नेट ते सतत करायचा; त्यालाच लोक बेसूर म्हणत होते. पण आपला षड्ज अढळ असतो, त्याचा षड्ज मधेच सरकतो. तिथे आपलाही कान अडखळतो. थोडा वेळ दिला की मात्र त्या सरकण्यामागची ओढ कळू लागते.

‘लोनली वुमन’ ही त्याची रचना ऐकावी. तिचं ध्वनिमुद्रण २२ मे १९५९चं. स्टोअरमधल्या नोकरीच्या दिवसांत, जेवणाच्या सुट्टीत त्याने एका गॅलरीत एका श्रीमंत स्त्रीचं चित्र पाहिलं. सगळं काही असून तिच्या चेहऱ्यावरचं एकटेपण त्याला विसरता येईना. रचनेची सुरुवात चार्ली हेडनच्या बेसने आणि बिली हिगिन्सच्या ड्रम्सने होते. ड्रम्स द्रुत चालतात. मग सॅक्सोफोन आणि डॉन चेरीचं कॉर्नेट येतं, ते मात्र विलंबित, जणू खालच्या धावपळीशी त्यांचा संबंधच नाही. दोघं एकच चाल वाजवतात, पण काटेकोर एकत्र नाही. एकाचा श्वास जरा आधी संपतो, दुसऱ्याचा जरा रेंगाळतो. दुःखाची इतकी नेमकी रचना जॅझमध्ये मला फार थोडी सापडली आहे.

पुढच्याच वर्षी, २१ डिसेंबर १९६०ला, ‘फ्री जॅझ’ ही त्याची तबकडी ध्वनिमुद्रित झाली. दोन चौकड्या एकाच वेळी : एक डाव्या स्पीकरमध्ये, एक उजव्या. सुमारे ३७ मिनिटं अखंड. तीही नुसती कल्लोळाची नाही. मधूनमधून लिहिलेले तुकडे येतात, प्रत्येकाला आपली पाळी मिळते आणि बाकीचे त्याला दाद देत, टोकत, साथ करत राहतात. या तबकडीने एका संपूर्ण प्रवाहाला नाव दिलं.

एवढं करूनही पैशाची तंगी सुटली नाही. आपल्या वाजवण्याची रास्त किंमत हवी, असा आग्रह त्याने धरला आणि कामं आटली. १९६२च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये स्वतःचा कार्यक्रम करून तो दोनेक वर्षं मंचापासून दूर राहिला. परतला तो ट्रम्पेट आणि व्हायोलिन शिकून. १९६६मध्ये त्याने ड्रम्सवर स्वतःच्या दहा वर्षांच्या मुलाला, डेनार्डोला बसवलं आणि पुन्हा टीका ओढवून घेतली. मुलगा पुढे वडिलांचा कायमचा साथीदार झाला.

या कहाणीला मुंबईचाही एक धागा आहे. १९७१च्या ‘सायन्स फिक्शन’ या तबकडीतली दोन गाणी गायली आहेत मुंबईत जन्मलेल्या आशा पुथली यांनी. त्यांनी हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताचं शिक्षण घेतलं होतं. ‘ऑल माय लाइफ’मध्ये वाद्यं आपापल्या वाटेने जात असताना त्यांचा आवाज मींड घेत चालीवर ठाम राहतो. कॉर्डच्या आधाराशिवाय चाल पेलणारा गळा ऑर्नेटला हवा होता आणि तो त्यांच्याकडे तालमीतूनच आलेला होता. आपल्याकडे या गाण्यांची पुरेशी दखल घेतली गेली नाही, याचं मला वाईट वाटतं.

मानसन्मान उशिरा आले. २००७मध्ये ‘साउंड ग्रामर’ या अल्बमसाठी पुलित्झर मिळालं. ११ जून २०१५ला, ८५व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये तो गेला.

नव्याने ऐकणाऱ्याने ‘फ्री जॅझ’पासून सुरुवात करू नये. आधी ‘रॅम्ब्लिन’ ऐकावं. त्यात टेक्सासचा ब्लूज इतका उघड आहे की पाय आपोआप ठेका धरतात. मग ‘लोनली वुमन’, मग आशाताईंची दोन गाणी. दोन चौकड्यांकडे त्यानंतर वळावं, आणि तेही हेडफोन लावून, म्हणजे कोण कुणाला उत्तर देतंय ते नीट कळतं.