एका मिलिव्होल्टभोवतीची बांधणी

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेवर उमटणारे विद्युतदाबाचे बदल साधारण १ मिलिव्होल्टचे, म्हणजे व्होल्टच्या हजाराव्या भागाएवढे असतात, आणि ईसीजी यंत्रात ते सर्वप्रथम ज्या विवर्धकाकडे जातात त्याला इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात. दोन तारांवरील दाबांमधला फरक वाढवायचा आणि दोन्हींवर सारखाच असलेला, म्हणजे समाईक, दाब वगळायचा, असे त्याचे दुहेरी काम असते. त्यातले दुसरे अधिक कठीण. कारण आसपासच्या वायरिंगमुळे रुग्णाच्या शरीरावर चढणारा ५० हर्ट्झचा दाब हृदयाच्या संकेताहून कितीतरी मोठा असू शकतो.

हा समाईक दाब दडपण्याची क्षमता डेसिबेलमध्ये सांगतात. साधा ऑप-अ‍ॅम्प आणि १ टक्का अचूकतेचे चार रेझिस्टर घेऊन फरक काढणारे एकपट विवर्धनाचे सर्किट जोडले, तर रेझिस्टरांच्या किरकोळ तफावतीमुळे ही क्षमता वाईटात वाईट स्थितीत सुमारे ३४ डेसिबेल, म्हणजे जेमतेम पन्नास पट, उरते. एडी६२० सारख्या चिपमध्ये हे रेझिस्टर कारखान्यातच जुळवलेले असल्याने शंभर पट विवर्धनाला ती १०० डेसिबेलच्या, म्हणजे एक लाख पटीच्या, वर जाते, आणि विवर्धन ठरवायला बाहेरून एकच रेझिस्टर पुरतो. या सोयीमुळेच विवर्धन एकदम हजार पट ठेवण्याचा मोह होतो. ईसीजीत तो घातक ठरतो.

त्वचा, जेल आणि धातू यांच्या संधीवर रासायनिक क्रियेमुळे स्थिर दाब निर्माण होतो, आणि दोन इलेक्ट्रोडांमधील त्याचा फरक ३०० मिलिव्होल्टपर्यंत गेला तरी यंत्राने काम करावे, अशी मानकांची अपेक्षा आहे. हा फरक हजारपट करायचा तर ३०० व्होल्ट लागतील. पाच व्होल्टांवर चालणारी चिप अर्थातच आपल्या मर्यादेला जाऊन अडकते आणि हृदयाचा आलेख सपाट दिसतो. म्हणून पहिल्या टप्प्यात पाच ते दहा पटच विवर्धन ठेवून, ०.०५ हर्ट्झच्या आसपासच्या फिल्टरने स्थिर दाब अडवून, उरलेले विवर्धन पुढे करण्याची रीत आहे. याहून फसवा प्रकार चिपच्या आत घडतो: समाईक दाब जास्त असला की आतला पहिला टप्पा मर्यादेला टेकतो, पण शेवटच्या टोकाचा दाब मात्र वरवर योग्यच वाटतो.

मोबाइलसारख्या उपकरणांच्या रेडिओ लहरी चिपमध्ये शिरून खोटा स्थिर दाब निर्माण करतात, त्यामुळे प्रवेशाशी रेझिस्टर-कपॅसिटरचे फिल्टर लावतात. मात्र दोन्ही बाजूंचे कपॅसिटर असमान निघाले, तर समाईक दाबाचाच काही अंश फरक बनून आत येतो. म्हणून दोन तारांच्या मध्ये त्यांच्या किमान दहापट क्षमतेचा कपॅसिटर जोडला जातो. एका इलेक्ट्रोडचे जेल सुकले तरी तीच असमानता निर्माण होते, आणि तिथे महागडी चिपही फारशी कामास येत नाही.

यावरचा उपाय शरीरातूनच करतात. समाईक दाब मोजून, उलटा करून, तो मोठ्या रेझिस्टरमार्फत उजव्या पायाच्या इलेक्ट्रोडला परत दिला की शरीरावरचा दाब मुळातच घटतो, शिवाय चिपच्या प्रवेशांना लागणाऱ्या सूक्ष्म प्रवाहाला परतीची वाटही मिळते. त्या रेझिस्टरचे दुसरे काम सुरक्षेचे आहे: सर्किट बिघडले तरी रुग्णाच्या शरीरात जाणारा प्रवाह तो मर्यादित ठेवतो.