मुंबई ते लंडन : आंब्याच्या हवाई प्रवासाचे अंतर व वेळ

झाडावरून उतरविलेला हापूस आंबा हा नाशवंत माल होय. परदेशी बाजारासाठी फळ कोणत्या अवस्थेत उतरवावे हे ठरविण्यापूर्वी, त्यास किती दूर जावयाचे आहे व वाटेत किती काळ जाणार आहे, हे बागायतदारास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

अंतर : मुंबईचा विमानतळ व लंडनचा हीथ्रो विमानतळ यांमधील अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. सपाट नकाशावर पट्टी ठेवून ते मोजता येत नाही. पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळचा मार्ग पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला असता दिसतो. नकाशावरील सरळ रेषेचा मध्य सीरियाच्या किनाऱ्यानजीक पडतो. दोऱ्याचा मध्य मात्र त्याच्या ईशान्येस, जॉर्जियातील तिबिलिसी शहराच्या आसपास येतो.

वेळ : ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर आठ तासांत संपावे. परंतु उड्डाण व उतरण यांत वेळ जातो आणि उंचावरील वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्याने जाताना ते समोरून येतात. शिवाय सर्वच देशांच्या आकाशातून जाण्यास मुभा नसते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांस बंद केल्यावर पश्चिमेकडील अनेक उड्डाणांचा मार्ग लांबला. या कारणांनी प्रवासास सुमारे साडेनऊ ते दहा तास लागतात. परतीचा प्रवास वारा पाठीशी असल्याने कमी वेळात होतो. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे निघाले, ते १० जूनला लंडनला पोहोचले होते.

घड्याळातील फरक : आंब्याच्या हंगामात लंडनचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते. दुपारी दोन वाजता निघालेले विमान दहा तासांनी पोहोचले, तर तेथे सायंकाळचे साडेसातच वाजलेले असतात. फळाचे वय मात्र पुरते दहा तासांनी वाढलेले असते.

बागायतदाराने काय करावे : विमानातील दहा तास हा एकूण काळाचा लहानसा भाग आहे. रत्नागिरीहून मुंबईपर्यंतचा रस्ता, प्रतवारी, फळमाशीसाठी उष्ण प्रक्रिया, तपासणी व विमानाची प्रतीक्षा यांत अधिक वेळ खर्च होतो. एक विमान चुकल्यास आणखी एक दिवस जाऊ शकतो. म्हणून,

१. चौदा आणे तयार झालेले फळच झेल्याने, देठासह उतरवावे.

२. काढणी सकाळच्या थंड वेळी करून फळे तत्काळ सावलीत ठेवावीत.

३. विमानाची वेळ व जागा निर्यातदाराकडून निश्चित करून घ्यावी आणि तीवरून मागे मोजत काढणीचा दिवस ठरवावा.

४. मालाची रवानगी करताना काढणीची तारीख व वेळ प्रत्येक पेटीवर लिहावी.