मागच्या चाकांना डिस्क ब्रेक बसविताना होजकडे लक्ष द्या

आपल्यापैकी पुष्कळ व्यापारी मालाच्या ने-आणीसाठी स्वतःची पिकअप किंवा छोटा ट्रक बाळगतात. हायड्रॉलिक ब्रेकच्या अशा गाड्यांना सहसा पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. घाटात ड्रम तापला की ब्रेक सैल पडतो, म्हणून काही मालक मागेही डिस्क बसवून घेतात. अमेरिकेत जुन्या पिकअपवर हे काम फार चालते, तिथे त्याचे तयार किट मिळते. आपल्याकडे मात्र आधी कायदा पाहावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरविलेल्या मूळ रचनेत मालकाला परस्पर बदल करता येत नाही. परिवहन कार्यालयात विचारल्याशिवाय गाडी गॅरेजला लावू नये. नाहीतर फिटनेसला अडचण येते आणि अपघात झाल्यास विमा कंपनीही हाच मुद्दा काढते.

मी कापडवाला माणूस. हे शिकलो ते ठेच लागल्यावर. काही वर्षांपूर्वी मालेगावहून भिवंडीला ग्रे कापडाच्या गाठी येत होत्या. कसारा घाटात ब्रेकचा पेडल एकदम खाली गेला. मास्टर सिलिंडरमध्ये पुढच्या चाकांची लाईन वेगळी असते, ती शाबूत होती. तेवढ्या जोरावर आणि खालच्या गियरवर ड्रायव्हरने गाडी डोंगराच्या बाजूला लावली. पाहतो तर मागच्या डाव्या चाकाची नवी होज यू-बोल्टला घासून फाटलेली. डिस्क उत्तम, कॅलिपर उत्तम, आणि दगा दिला रबराच्या नळीने!

ड्रममध्ये व्हील सिलिंडर पत्र्याला पक्का बसविलेला असतो. त्यामुळे हाउसिंगवरून आलेली लोखंडी नळी थेट त्याला जोडता येते. चासी आणि हाउसिंग यांच्यामध्ये तेवढी एक रबरी होज पुरते. बहुतेक डिस्कचा कॅलिपर मात्र पिनांवर सरकतो आणि पॅड झिजतात तशी त्याची जागा बदलते. त्याला कडक नळी जोडली तर ती जोडापाशी तडकते. म्हणून प्रत्येक चाकाला एक छोटी होज लागते. मधली जुनी धरून एकूण तीन झाल्या.

छोट्या होजचे एक टोक हाउसिंगवरच्या पट्टीत क्लिपने अडकवावे, दुसरे कॅलिपरला जोडावे. दोन्ही टोके हाउसिंगबरोबरच वरखाली होतात, त्यामुळे पाट्यांची हालचाल या होजला लागत नाही. ती सारी मधली होज सोसते. माझ्या मिस्त्रीने पट्टीचा खटाटोप वाचविला आणि चासीवरून थेट कॅलिपरपर्यंत लांब होज नेली. माप घेतले रिकाम्या गाडीवर. गाठी भरल्या, पाटे दबले, होज सैल होऊन लोंबली आणि यू-बोल्टला लागली. असे करायचेच असेल तर माप दोनदा घ्यावे: जॅकवर चाके लोंबकळत असताना आणि पूर्ण माल भरल्यावर.

होज कापून पाहा, रबराच्या आत सुताची विणलेली जाळी दिसेल. दाब ही जाळी झेलते. कापडवाल्याला सांगायला नको की पिळलेल्या विणीवर ताण सारखा पडत नाही. म्हणूनच पुष्कळ होजवर लांबीभर रेघ छापलेली असते. कसताना दुसऱ्या पान्याने होज धरावी. रेघ सरळ राहिली पाहिजे.

कॅलिपरकडच्या बँजो बोल्टला तांब्याचे दोन वॉशर लागतात, बँजोच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि दरवेळी नवे. जुना वॉशर एकदा दबलेला असतो, तो पुन्हा नीट बसत नाही. आटेही तपासावेत. ३/८ इंची, इंचाला २४ आट्यांचा बोल्ट आणि १० मिलिमीटरचा, १ मिलिमीटर आट्याचा बोल्ट हातात सारखेच वाटतात. एकाच्या जागी दुसरा थोडा फिरतोही, पण दाबाखाली आटे सोडतो.

काम चालू असताना कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधावा. डिझेल, रॉकेल किंवा इंजिन ऑइलने होज आणि सील पुसू नयेत. त्याने रबर फुगते. कॅलिपरचे हवा काढायचे निपल वरच्या बाजूला आले पाहिजे. डावा-उजवा कॅलिपर उलटा लागला की ते खाली येते, मग दिवसभर ब्रेक ऑइल ओतले तरी हवा निघत नाही आणि पेडल मऊच राहतो.

दोन गोष्टी मिस्त्री विसरतात. काही गाड्यांत ड्रमच्या लाईनवर थोडा दाब राखणारा वॉल्व असतो. तो तसाच राहिला तर पॅड डिस्कला घासत राहून तापतात. दुसरी गोष्ट हँडब्रेकची. तो ड्रमबरोबर जातो, म्हणून हँडब्रेकची सोय असलेलाच कॅलिपर घ्यावा. ब्रेकवर चालणाऱ्या गाडीत गाठी उतरवणारे हमाल उभे असतात, हे मालकाने विसरू नये.

हवा काढून झाल्यावर एकाला पेडल जोराने दाबून धरायला सांगावे आणि आपण बॅटरी घेऊन प्रत्येक जोड पाहावा. मग माल भरून गाडीखाली पुन्हा एकदा वाकावे. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतरही होजवर घासल्याची खूण आहे का, ते पाहावे.