पोराला नुसतं पित्त उठलंय, की जिवावर बेतलंय?



दाण्याच्या कुटाशिवाय आपल्या भागात भाजी शिजत नाही. पण एखाद्या मुलाला शेंगदाणा, अंडे, दूध, तीळ, काजू किंवा मासा सोसत नाही. खाल्ल्यावर अंगाला खाज सुटते, गांधी उठतात. आपण म्हणतो, "पित्त उठलं, आमसूल लावा." नुसत्या गांधी असतील तर बहुधा धोका नसतो, तरी दोन-चार तास मुलाजवळून हलू नये.

मात्र गांधी किती मोठ्या, यावर दुखण्याचा जोर ठरत नाही. कधी कधी अंगावर एकही गांधी नसते आणि मूल अत्यवस्थ होते. म्हणून कातडीबरोबर श्वास आणि शुद्धीही पाहावी. आवाज घोगरा झाला, जीभ सुजली, घास गिळवेना, छातीत सूं-सूं वाजू लागले, मूल पांढरे पडले, चक्कर आली, अंग ढिले पडले, यांपैकी एक खूण दिसली तरी प्रकरण गंभीर समजावे. गांधींबरोबर उलट्या लागल्या तरी तसेच. तान्हे मूल सांगू शकत नाही. ते एकाएकी मलूल होते, लाळ गाळते. हे बहुधा खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते दोन तासांत घडते.

या प्रकाराला ॲनाफिलॅक्सिस हे नाव १९०२ साली फ्रान्सच्या रिशे व पोर्तिए या शास्त्रज्ञांनी दिले. त्यावर पहिला इलाज एकच : मांडीच्या बाहेरच्या बाजूस ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. खाजेच्या गोळीने श्वास मोकळा होत नाही. गोळीचा गुण यायची वाट पाहू नये.

वस्तीवरून शेवगाव गाठायचे, त्यात हंगामात रस्त्यावर उसाच्या गाड्या. म्हणून दुखणे वाढायची वाट न पाहता लगेच १०८ ला फोन करावा. मुलाला उताणे निजवून पाय उंच ठेवावेत. दम लागला असेल तर बसते ठेवावे, उलटी होत असेल तर कुशीवर. उभे करू नये, चालवू नये. उलटी काढण्यासाठी मीठपाणी पाजू नये. बरे वाटले तरी दवाखान्यातून घाईने आणू नये. काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.

मागच्या खेपेला नुसती खाज सुटली, म्हणून या खेपेलाही तेवढ्यावरच भागेल असा भरवसा धरू नका. डॉक्टरांकडून तपासून घ्या. शाळेतल्या गुरुजींना, अंगणवाडीच्या ताईंना, आजी-आजोबांना मुलाला काय चालत नाही ते सांगून ठेवा. आणि हा मजकूर ऊसतोडणी मजुरांच्या कोप्यांवरही वाचून दाखवा. पोरं त्यांचीही आहेत.