‘टँक्टिक्स’ : न दिसणाऱ्या रणांगणाचा खेळ

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे १९९४ साली स्थापन झालेल्या रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन, विजयंता इत्यादी रणगाडे उघड्यावर मांडलेले आहेत. प्रेक्षकाला त्यांचे सर्वांग दिसते. आत बसणाऱ्याला बाहेरचे किती दिसत असेल, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. झडप मिटली की चालकाच्या वाट्याला एक अरुंद फट उरते. रणगाड्यांच्या लढाईचे मर्म या अर्धवट आंधळेपणात आहे, आणि घरगुती संगणकाच्या आरंभकाळी ते ‘टँक्टिक्स’ या खेळाने नेमके हेरले. (‘टँक’ हे इंग्रजी नावही मुळात लपवालपवीचेच. पहिल्या महायुद्धात हे गुप्त यंत्र पाण्याची टाकी म्हणून खपविण्यात आले. मराठीतील ‘रणगाडा’ या शब्दाने ते गुपित राखले नाही.)

अमेरिकन रचनाकार ख्रिस क्रॉफर्ड याने हा खेळ १९७६ साली रचावयास घेतला. १९७८ मध्ये तो ‘कमोडोर पेट’ या संगणकावर आणि १९८१ मध्ये ॲव्हलॉन हिल या प्रकाशनसंस्थेतर्फे प्रसिद्ध झाला. पेटच्या पहिल्या यंत्रांची स्मृती अवघी चार किंवा आठ किलोबाइट. रणभूमी पडद्यावर नव्हे, तर षट्कोणी घरांच्या छापील पटावर होती. यंत्राने रणगाड्यांची स्थाने कळवावयाची आणि खेळाडूने त्यानुसार सोंगट्या हलवावयाच्या, अशी ही योजना. शत्रू दृष्टिरेषेत आला तरच त्याचा ठावठिकाणा कळे.

बुद्धिबळात प्रतिपक्षाचे सारे मोहरे समोर असतात. युद्धखेळात काही लपवावयाचे तर तिसऱ्या मनुष्यावाचून गत्यंतर नसे. १८२४ साली प्रशियन अधिकारी राइसविट्झ याने प्रसिद्ध केलेल्या खेळात हे काम पंचाकडे होते. ‘टँक्टिक्स’मध्ये पंच आणि शत्रू अशा दोन्ही भूमिका एकाच यंत्राने वठविल्या. पडद्यावर नकाशा नसणे हे वरकरणी दारिद्र्य. परंतु त्यामुळेच खेळाडू वार्तेवर विसंबून राहणाऱ्या सेनानायकाच्या स्थितीत येई. अर्थात एक सोंगटी चुकीच्या घरात पडली की पुढील सारा हिशेब कोसळे, ही अडचण लहान नव्हती.

१९८१ सालीच क्रॉफर्डच्या ‘ईस्टर्न फ्रंट (१९४१)’ या अटारी संगणकावरील खेळात नकाशा पडद्यावर आला आणि सरकूही लागला. तेथे मात्र एकेक रणगाडा नव्हे, तर मोठमोठी सैन्यदले हलवावयाची होती.