माल बुडाला तरी सुटका नाही

अमली पदार्थांची बोट भर समुद्रात अडवली, की तस्कर थेट तुरुंगात, असं आपल्याला वाटतं. पण त्यांनी बोटच बुडवली तर? कोलंबियातून अमेरिकेच्या दिशेने कोकेन नेणारे तस्कर नेमकं हेच करत होते.

दिसेनाशी होणारी बोट

कोलंबियाच्या खारफुटीच्या जंगलात फायबरग्लासच्या अर्धपाणबुड्या चोरून बांधल्या जात. बोटीचा बहुतेक भाग पाण्याखाली आणि वरचा भाग समुद्राच्या रंगाचा, त्यामुळे ती दुरून दिसत नसे. तटरक्षक दल जवळ आलं, की खलाशी झडपा उघडून पाण्यात उड्या मारायचे. काही मिनिटांत बोट आणि कोकेन तळाला! बुडणाऱ्याला वाचवावंच लागतं, म्हणून जवान त्यांना बाहेर काढायचे. पण मुद्देमालच नसल्याने खटला भरणं अवघड व्हायचं.

पळवाट बुजवली

२००८ मध्ये अमेरिकेने यासाठी खास कायदा केला. कोणत्याही देशाची नोंदणी नसलेली अशी बोट नजर चुकवण्यासाठी खुल्या समुद्रात चालवणं हाच गुन्हा ठरला. त्यासाठी १५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. कोकेन हाती लागलंच पाहिजे, ही अडचण उरली नाही. २००९ मध्ये कोलंबियानेही असा कायदा केला.

आपण काय लक्षात ठेवावं?

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये अंदमानजवळ भारतीय तटरक्षक दलाने एका मासेमारी बोटीतून ५ टनांहून अधिक मेथॅम्फेटामाइन जप्त केलं. आपला १९८५ चा एनडीपीएस कायदा परदेशातल्या भारतीय नागरिकांना आणि भारतात नोंदलेल्या जहाजावरच्या प्रत्येकाला लागू होतो. मेथॅम्फेटामाइन ५० ग्रॅमपेक्षा जास्त असेल, तर किमान १० वर्षांची शिक्षा होते.

तुमच्या घरातलं कुणी मर्चंट नेव्हीत जात असेल तर :

* एजंटकडे डीजी शिपिंगचा परवाना आहे का, ते तपासा.
* नोकरीसाठी एजंटला पैसे देऊ नका. ते घेणं बेकायदेशीर आहे.
* ओळखीच्या माणसानेही दिलेलं बंद पाकीट सोबत नेऊ नका.

बोटीवर पकडले जातात ते बहुधा पैशांसाठी निघालेले खलाशी. माल पाठवणारा मात्र किनाऱ्यावर सुरक्षित असतो. म्हणूनच जास्त पगाराचं आमिष दाखवणाऱ्याला आधी विचारा, ‘जहाज कुणाचं आणि त्यात माल कोणता?’