न सापडणारी शीर

मुंबई-अहमदाबाद महामार्ग बडोदे शहराच्या कडेने जातो. तेथे अपघात झाला म्हणजे जखमीला सयाजी इस्पितळ गाठावयाचे असते. २००७ पासून गुजरातेत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळू लागली, ही मोठीच सोय; पण वाटेत रक्त वाहतच असते.

रक्त गोठते ते त्यात विणल्या जाणाऱ्या बारीक तंतूंमुळे. हे तंतू विरघळविणारे द्रव्यही शरीरातच असते, आणि मोठ्या जखमेनंतर ते अवेळी प्रबळ होते. त्याला आवर घालणारे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे औषध जपानातील शोसुके व उताको ओकामोतो या दांपत्याच्या संशोधनातून १९६२ साली पुढे आले. त्याने जखमींचे मृत्यू कमी होतात, हे २०१० मध्ये चाळीस देशांतील वीस हजारांवर रुग्णांच्या चाचणीत दिसले. भारतीय इस्पितळेही तीत होती. अट मात्र कडक आहे. औषध तीन तासांच्या आत, आणि शक्य तितके लवकर दिले पाहिजे; उशिरा दिल्यास अपायही संभवतो.

नेहमीची रीत म्हणजे एक ग्रॅम औषध दहा मिनिटांत सावकाश शिरेतून देणे. येथेच घोडे अडते. पुष्कळ रक्त गेलेल्या माणसाच्या शिरा चेपून जातात. धावत्या गाडीत त्या शोधणे निष्णात हातांनाही जड जाते. गोळी रक्तात उतरावयास फार वेळ घेते. शिवाय बेशुद्धाच्या तोंडात काही घालूच नये. नडगीच्या हाडात सुई रोवून मज्जेवाटे औषध त्वरित पोचविता येते, पण त्याला खास सुई व शिक्षण हवे.

राहिला स्नायू. मांडीत टोचणे कोणत्याही परिचारिकेला येते. शंका एवढीच, की रक्तस्रावाने गार पडलेल्या शरीरात तेथून औषध शोषले जाईल काय? २०२१ साली ब्रिटन व फ्रान्समधील तीस जखमींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिली मात्रा शिरेतून मिळालेल्या या रुग्णांना दुसरी स्नायूत दिली होती. तीवरून असे गणित निघाले, की स्नायूतून दिलेले औषध सुमारे चार मिनिटांत उपयुक्त पातळी गाठते. तिसांची संख्या लहान. जीव किती वाचतील हे तीवरून ठरत नाही. तथापि बाळंतपणातील रक्तस्रावासाठी हीच रीत काही देशांत मोठ्या चाचणीत अजमावण्यास घेण्यात आली, हे लक्षणीय होय.

औषधाचा मार्ग डॉक्टरांनी ठरवावयाचा. जवळ उभ्या असलेल्या माणसाने १०८ ला कळवावे, स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरावे, आणि रक्त थांबले की नाही हे पाहण्यासाठी ते वरचेवर उचलू नये.